विश्लेषण : एकदा डेंग्यू झाला की पुन्हा होत नाही? विषाणूसंसर्गानंतर अँटीबॉडी किती काळ टिकतात?

पावसाळा सरत आला की दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात आणि घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रक्ततपासणीच्या अहवालांचे फोटो फिरू लागतात. ‘आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे काय?’ या प्रश्नावर ग्रुपमधले कुणी ना कुणी उत्तर देऊन मोकळे होते, ‘म्हणजे अँटीबॉडी तयार झाल्या. आता काळजी नाही.’ करोनाच्या काळात अँटीबॉडी हा शब्द घरोघरी पोहोचला आणि त्यासोबत ही समजूतही. अँटीबॉडी आहेत म्हणजे सुरक्षित, नाहीत म्हणजे असुरक्षित. गोवराच्या बाबतीत ही समजूत बरीचशी खरी आहे. सर्दीच्या बाबतीत ती अर्धवट आहे. डेंग्यूच्या बाबतीत मात्र ती धोक्याची ठरू शकते.

अँटीबॉडी नेमक्या किती दिवस टिकतात, काही आजारांत आयुष्यभर आणि काहींत वर्षभरही का नाही, आणि हातात पडलेला अहवाल वाचायचा कसा, हे समजून घेऊ.

अँटीबॉडी म्हणजे नेमके काय?

अँटीबॉडी किंवा प्रतिपिंडे ही आपल्या रक्तातली प्रथिने आहेत. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा त्यांचा आकार असतो. या ‘वाय’ची दोन टोके विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक भागाला चिकटतात. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारी जागाच अशी अडवली गेली, तर संसर्ग थांबतो. अशा अँटीबॉडींना विषाणू निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी म्हणतात. पण सगळ्याच अँटीबॉडी हे काम करत नाहीत. काही विषाणूला नुसत्या चिकटतात, त्याला निकामी करत नाहीत. हा फरक पुढे डेंग्यूच्या वेळी महत्त्वाचा ठरणार आहे.

अँटीबॉडी बनवण्याचे काम ‘बी’ पेशी करतात. या पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार. संसर्ग झाला की त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी वेगाने वाढतात आणि त्यांतल्या काहींचे प्लाझ्मा पेशींत रूपांतर होते. प्लाझ्मा पेशी म्हणजे अँटीबॉडीचा कारखाना. एक पेशी सेकंदाला हजारो अँटीबॉडी रक्तात सोडू शकते.

आयजीएम आणि आयजीजी यांत फरक काय?

संसर्गानंतर आधी येतात त्या आयजीएम अँटीबॉडी. डेंग्यूत त्या साधारण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडू लागतात आणि बहुतेकांमध्ये दोन ते तीन महिन्यांत कमी होत जातात. म्हणून आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ‘संसर्ग आत्ता किंवा नुकताच होऊन गेला’ असा ढोबळ अर्थ लावला जातो.

आयजीजी मागून येतात, पण टिकतात जास्त. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या माणसात त्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर दिसू लागतात आणि पुढे वर्षानुवर्षे राहतात. म्हणजे फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर तो अहवाल बहुतेकदा आजच्या तापाबद्दल काही सांगत नसतो. पूर्वी कधीतरी, कदाचित दहा वर्षांपूर्वी, कदाचित लक्षातही न आलेल्या संसर्गाची ती नोंद असते.

अँटीबॉडी स्वतः फार जगत नाहीत, मग वर्षानुवर्षे टिकतात कशा?

इथे एक साधे गणित करून पाहू. रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडीचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवसांचे असते. म्हणजे नव्या अँटीबॉडी बनणे पूर्ण थांबले, तर दर तीन आठवड्यांनी त्यांचे प्रमाण निम्मे होईल. वर्षभरात असे १७ वेळा निम्मे होत गेले, तर मूळच्या प्रमाणाचा लाखावा हिस्साही उरणार नाही. तरीही लहानपणी गोवर झालेल्या आजोबांच्या रक्तात साठ वर्षांनी त्याच्या अँटीबॉडी सापडतात. त्या साठ वर्षे जुन्या नसतात. त्या गेल्या काही आठवड्यांत बनलेल्या असतात.

त्या बनवतो कोण, तर दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. संसर्गानंतर तयार झालेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी अल्पजीवी असतात, काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरून जातात. मोजक्या पेशी मात्र हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, जाऊन मुक्काम ठोकतात. आजार गेला, विषाणू गेला, तरी त्या तिथे बसून थोड्या थोड्या अँटीबॉडी सतत रक्तात सोडत राहतात.

यामुळेच संसर्गानंतर अँटीबॉडींचा आलेख दोन टप्प्यांत उतरतो. पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने, कारण अल्पजीवी पेशी मरतात. मग उतार मंदावतो आणि रेषा जवळपास सपाट होते, कारण उरलेल्या दीर्घायुषी पेशी काम करत असतात. ‘तीन महिन्यांत अँटीबॉडी निम्म्या झाल्या’ एवढ्यावरून ‘सहा महिन्यांत संपतील’ असा हिशेब मांडणे म्हणूनच चुकते.

आयुष्यभर संरक्षण टिकते, हे पहिल्यांदा कळले कसे?

ही गोष्ट अँटीबॉडीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची आहे. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची मोठी साथ आली. बेटांची लोकसंख्या होती सुमारे ७,८००. त्यांतल्या सहा हजारांहून अधिक जणांना काही महिन्यांत गोवर झाला. डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम या तरुण डॉक्टरला तिथे पाठवले.

पानुम गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. काही वृद्धांना गोवराने अजिबात धरले नव्हते. चौकशी केल्यावर कळले, की याआधी बेटांवर गोवर आला होता तो १७८१ मध्ये. म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. त्या वेळी लहानपणी ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्यांतल्या एकालाही या वेळी तो झाला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हता, त्यामुळे ‘अधूनमधून विषाणूशी संपर्क येऊन शरीर ताजेतवाने राहिले’ असेही म्हणता येत नव्हते. एकदाचा गोवर आयुष्यभर पुरतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा ठरला.

मग हे प्रत्यक्ष मोजले गेले आहे का?

हो. अमेरिकेतल्या ऑरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ४५ जणांचे साठवून ठेवलेले रक्तनमुने तपासले. काही जणांचे नमुने तब्बल २६ वर्षांच्या काळातले होते. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. प्रत्येक आजाराच्या अँटीबॉडी निम्म्या व्हायला किती काळ लागेल, याचे त्यांनी काढलेले अंदाज असे होते :

- गोवर : ३,०१४ वर्षे
- गालगुंड : ५४२ वर्षे
- रुबेला : ११४ वर्षे
- कांजिण्या : ५० वर्षे
- घटसर्प (लशीमुळे आलेल्या) : १९ वर्षे
- धनुर्वात (लशीमुळे आलेल्या) : ११ वर्षे

तीन हजार वर्षे हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही. त्याचा अर्थ इतकाच, की एवढ्या वर्षांच्या नमुन्यांत गोवराच्या अँटीबॉडींमध्ये घट जवळपास दिसलीच नाही. धनुर्वाताच्या अँटीबॉडी मात्र दशकभरात निम्म्यावर येतात. म्हणूनच धनुर्वाताची वर्धक मात्रा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

याहून लांबचे उदाहरण १९१८च्या फ्लूचे आहे. त्या महासाथीतून गेलेल्या, ९१ ते १०१ वर्षे वयाच्या ३२ जणांचे रक्त संशोधकांनी तपासले. २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. सुमारे नव्वद वर्षांनंतरही त्या सगळ्यांच्या रक्तात १९१८च्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या.

असे असेल, तर फ्लू आणि सर्दी पुन्हा पुन्हा का होते?

याची दोन वेगळी कारणे आहेत. फ्लूच्या बाबतीत अँटीबॉडी टिकतात, पण विषाणू टिकत नाही. तो सतत बदलतो. १९१८च्या विषाणूसाठी बनलेली किल्ली त्या कुलपाला आजही लागते, पण दारावरचे कुलूप कधीच बदललेले असते. फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

सर्दी-खोकल्याला कारणीभूत ठरणाऱ्या चार जुन्या करोना विषाणूंची गोष्ट वेगळी आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांचे ३५ वर्षांहून अधिक काळातले रक्तनमुने तपासले. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, त्याच विषाणूचा पुन्हा संसर्ग १२ महिन्यांनी वारंवार झालेला आढळला. म्हणजे इथे संसर्ग रोखणारे संरक्षण वर्षभरातच ओसरत होते.

विषाणू कुठे वाढतो, हेही महत्त्वाचे आहे. गोवराचा विषाणू रक्तावाटे शरीरभर पसरतो, त्याला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या वेळात रक्तातल्या अँटीबॉडी त्याला गाठतात. सर्दीचा विषाणू नाक-घशाच्या आतल्या अस्तरातच दोन-तीन दिवसांत आपले काम उरकतो. तिथे रक्तातल्या अँटीबॉडी कमी पोहोचतात आणि तिथल्या स्थानिक अँटीबॉडी लवकर ओसरतात.

करोनाच्या वेळी मुंबईत अँटीबॉडी कमी झाल्या होत्या, ते काय होते?

जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत पहिले सेरो सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, तर इतर वस्त्यांत १६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. ऑगस्टमध्ये त्याच प्रभागांत दुसरी फेरी झाली. साथ सुरूच होती, त्यामुळे आकडा वाढायला हवा होता. इतर वस्त्यांत तो १८ टक्क्यांवर गेला, पण झोपडपट्ट्यांत मात्र ४५ टक्क्यांवर आला.

दोन्ही फेऱ्यांत तपासलेली माणसे वेगळी होती, हे याचे एक संभाव्य कारण. दुसरे कारण असे, की आधी संसर्ग झालेल्या काहींच्या अँटीबॉडी तपासणीत पकडता येणाऱ्या पातळीखाली गेल्या असाव्यात. इथे तपासणीचा संचही महत्त्वाचा ठरतो. विषाणूच्या वेगवेगळ्या प्रथिनांविरुद्ध वेगवेगळ्या अँटीबॉडी बनतात आणि त्या वेगवेगळ्या गतीने उतरतात. संच कोणती अँटीबॉडी शोधतो, त्यावर ‘आहे’ की ‘नाही’ हे उत्तर अवलंबून असते. ‘निगेटिव्ह’ म्हणजे शून्य नव्हे. त्या संचाच्या मोजपट्टीखाली, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच सुमारास ‘करोनाच्या अँटीबॉडी तीन महिन्यांतच संपतात’ अशा बातम्या येत होत्या. पुढे अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ७७ जणांचा मागोवा घेतला. त्यांतल्या बहुतेकांना सौम्य करोना झाला होता. पहिल्या चार महिन्यांत अँटीबॉडी झपाट्याने घटल्या, त्यानंतर अकराव्या महिन्यापर्यंत घट अगदी मंद झाली. काहींची अस्थिमज्जा तपासली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांमध्ये करोनाच्या अँटीबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी मुक्कामाला आलेल्या सापडल्या. २०२१ मध्ये ‘नेचर’ने हे संशोधन छापले.

अँटीबॉडी घटल्या म्हणजे संरक्षण संपले का?

नाही. अँटीबॉडी ही दारावरची राखण आहे. पण घरात आणखीही माणसे आहेत. संसर्गानंतर स्मृती ‘बी’ पेशी तयार होतात. त्या अँटीबॉडी सोडत नाहीत, वाट पाहत बसतात. तोच विषाणू पुन्हा आला, की काही दिवसांतच नव्या अँटीबॉडींचा पूर उठवतात. पहिल्या वेळी याच कामाला आठवडा-दोन आठवडे लागलेले असतात. दुसरीकडे ‘टी’ पेशी संसर्ग झालेल्या पेशी शोधून नष्ट करतात. २००३च्या सार्स साथीतून बरे झालेल्यांमध्ये १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सिंगापूरच्या संशोधकांना सापडल्या होत्या.

म्हणून ‘पुन्हा संसर्ग होणे’ आणि ‘पुन्हा गंभीर आजारी पडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या देशव्यापी सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांमध्ये करोनाच्या अँटीबॉडी होत्या. तरी काही महिन्यांतच ओमायक्रॉनची लाट आली आणि असंख्य लोकांना पुन्हा संसर्ग झाला. पण दुसऱ्या लाटेसारखी प्राणवायूसाठीची धावपळ तेव्हा झाली नाही. विषाणूचे रूप बदलले होते हे त्याचे एक कारण, आणि संसर्ग व लशींमुळे शरीरात साठलेली स्मृती हे दुसरे.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. एचआयव्हीच्या अँटीबॉडी बाधित व्यक्तीत कायम असतात, पण त्या विषाणूला संपवू शकत नाहीत. हिपॅटायटिस ‘सी’ औषधांनी पूर्ण बरा झाला, तरी त्याच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह येत राहतात आणि तरीही तो पुन्हा होऊ शकतो. अँटीबॉडी हा संसर्ग होऊन गेल्याचा पुरावा असतो. संरक्षणाचे प्रमाणपत्र तो प्रत्येक आजारात असेलच असे नाही.

डेंग्यू वेगळा का आहे?

कारण डेंग्यूचे विषाणू एक नाही, चार आहेत. डेंग्यू-१, २, ३ आणि ४. आणि चारही आपल्याकडे आढळतात. एका उपप्रकाराचा संसर्ग झाला, की त्या उपप्रकाराविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, संरक्षण मिळते. इतर तिघांविरुद्धचे संरक्षण मात्र तात्पुरते असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत ते दोन-तीन महिने पूर्णपणे टिकल्याचे दिसले होते. नंतरच्या अभ्यासांनुसार काही अंशी ते दोन वर्षांपर्यंत राहू शकते.

अडचण त्यानंतर सुरू होते. पहिल्या डेंग्यूच्या अँटीबॉडी रक्तात असतातच. दुसऱ्या उपप्रकाराचा विषाणू आला, तर त्या त्याला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतक्या नेमक्या किंवा पुरेशा नसतात. अँटीबॉडी चिकटलेला विषाणू ज्या रोगप्रतिकारक पेशी गिळतात, त्याच पेशींत डेंग्यूचा विषाणू वाढतो. म्हणजे शत्रूला पकडून आणणारे शिपाईच त्याला किल्ल्यात घेऊन जातात. विषाणूची संख्या वाढते, रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि आजार गंभीर होऊ शकतो. १९६०च्या दशकात बँकॉकमधल्या रुग्णांचा अभ्यास करताना स्कॉट हॅलस्टेड यांनी ही शक्यता पुढे आणली.

याला पुरावा काय?

सर्वांत ठळक पुरावा क्युबाचा आहे. १९७७ मध्ये तिथे डेंग्यू-१ची साथ आली आणि सुमारे ४४ टक्के लोकसंख्येला संसर्ग झाला. आजार बहुतांशी सौम्य होता. १९८१ मध्ये डेंग्यू-२ आला. या वेळी ३ लाख ४४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि १५८ मृत्यू झाले. त्यानंतर क्युबाने डास नियंत्रणाची मोठी मोहीम राबवली आणि साथ आटोक्यात आली.

१९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा शहरात डेंग्यू-२ पुन्हा शिरला. गंभीर रुग्ण कोण होते? प्रौढ. आणि जवळपास सगळ्यांना आधीचा डेंग्यू होऊन गेलेला. १९८१ नंतर जन्मलेल्या मुलांना हा पहिलाच संसर्ग होता, त्यांच्यात गंभीर आजार दिसला नाही. पहिल्या संसर्गाला वीस वर्षे झाली होती, तरी धोका गेला नव्हता. उलट चार वर्षांच्या अंतराने झालेल्या १९८१च्या साथीपेक्षा या वेळी दुसऱ्या संसर्गातल्या मृत्यूंचे प्रमाण अधिक होते.

निकाराग्वातल्या सहा हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासाने २०१७ मध्ये याचे कारण आकड्यांत दाखवले. ज्यांच्यात अँटीबॉडी भरपूर होत्या ती मुले सुरक्षित होती. ज्यांच्यात अजिबात नव्हत्या त्यांनाही विशेष धोका नव्हता. सर्वाधिक धोका मधल्या पातळीवरच्यांना होता. म्हणजे अँटीबॉडी ओसरत ओसरत एका ठरावीक पट्ट्यात आल्या, की त्या संरक्षणापुरत्या उरत नाहीत, पण विषाणूला मदत करण्याइतक्या असतात.

याची किंमत फिलिपाइन्सने मोजली. तिथे २०१६ मध्ये शाळकरी मुलांना डेंग्वाक्सिया ही लस द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिल्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये सानोफी या उत्पादक कंपनीने जाहीर केले, की ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्यांच्यात लशीनंतरच्या संसर्गात आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. लशीने जणू ‘पहिला डेंग्यू’ होऊन गेल्यासारखी स्थिती तयार केली होती. कार्यक्रम थांबवावा लागला.

यात घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेकांना गंभीर आजार होत नाही. पण ‘एकदा झाला, आता सुटलो’ हे मात्र खरे नाही.

मग चिकुनगुन्या?

इथे बातमी बरी आहे. चिकुनगुन्याच्या विषाणूचे डेंग्यूसारखे वेगवेगळे उपप्रकार नाहीत. एका संसर्गानंतरच्या अँटीबॉडी दीर्घकाळ टिकतात आणि पुन्हा संसर्ग सहसा होत नाही. अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात, पण तो नवा संसर्ग नसतो, जुन्याचाच परिणाम असतो.

महाराष्ट्राचा याच्याशी जुना संबंध आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर देशातून तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००५च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. तीस वर्षांत एक अख्खी पिढी या विषाणूच्या अँटीबॉडीशिवाय वाढली होती. व्यक्तीची प्रतिकारशक्ती टिकली, तरी समाजाची टिकतेच असे नाही. नवी मुले जन्मतात, त्यांच्याकडे ती नसते.

आईच्या अँटीबॉडी बाळाला किती दिवस पुरतात?

आयजीजी अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात. पण बाळाला मिळतात त्या तयार अँटीबॉडी, त्या बनवणाऱ्या पेशी नव्हेत. त्यामुळे वर मांडलेले ‘दर तीन आठवड्यांनी निम्मे’चे गणित बाळाला मात्र थेट लागू होते. काही महिन्यांत साठा संपतो.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, ती याच हिशेबाने. त्याआधी आईच्या अँटीबॉडी लशीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करू शकतात आणि लस वाया जाऊ शकते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, तेव्हा नऊ महिन्यांखालची बाळेही आजारी पडली. त्यामुळे साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला. ही ‘शून्य मात्रा’ असल्याने नेहमीच्या दोन मात्रा पुढे द्याव्याच लागतात.

गोवर चुकवण्याचे आणखी एक कारण आहे. तो इतर आजारांची स्मृतीही पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या अभ्यासात, गोवरानंतर त्यांच्या इतर रोगजंतूंविरुद्धच्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्याचे दिसले. लशीमुळे असे होत नाही.

आता अहवाल वाचू या

समजा, तुम्हाला तीन दिवसांपासून ताप आहे आणि डेंग्यूची तपासणी केली आहे.

- एनएस-१ पॉझिटिव्ह : हे अँटीबॉडी नव्हे, विषाणूचेच प्रथिन आहे. संसर्ग सध्या चालू आहे. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत ही तपासणी सर्वाधिक उपयोगाची.
- आयजीएम पॉझिटिव्ह : संसर्ग चालू आहे किंवा गेल्या दोन-तीन महिन्यांत होऊन गेला. ताप येऊन दोन-तीन दिवसच झाले असतील, तर निगेटिव्ह आल्यावर निश्चिंत होऊ नका. अँटीबॉडी अजून तयार व्हायच्या असतात.
- फक्त आयजीजी पॉझिटिव्ह : बहुतेकदा जुन्या संसर्गाची खूण. आजचा ताप दुसऱ्या कशामुळे असू शकतो.
- एनएस-१ किंवा आयजीएमसोबत, तापाच्या सुरुवातीच्या दिवसांतच आयजीजीही पॉझिटिव्ह : हा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

झटपट निकाल देणाऱ्या ‘कार्ड’ तपासणीत चुका होऊ शकतात. खात्रीसाठी एलायझा तपासणी धरली जाते. देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांत वापरले जाणारे डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे आयजीएम एलायझा संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तयार होतात. झिका आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू डेंग्यूच्याच कुळातले असल्याने त्यांच्या अँटीबॉडी एकमेकांच्या तपासणीत गल्लत करू शकतात. म्हणून अहवाल लक्षणांशी जुळवूनच वाचावा लागतो, आणि ते काम डॉक्टरांचे आहे.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

घरात कुणाला पूर्वी डेंग्यू झाला असेल, तर ती नोंद जपून ठेवा. जुना अहवाल फोनमध्ये असू द्या. पुन्हा ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

डेंग्यूत सर्वांत जपायचे दिवस ताप चढलेला असतानाचे नसतात, तो उतरल्यानंतरचे असतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि घरच्यांना हायसे वाटते. नेमके तेव्हाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, बेचैनी किंवा ग्लानी, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. भरपूर पाणी व इतर द्रव पदार्थ आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल, हे सुरुवातीचे उपचार.

आणि डास. अँटीबॉडी चारपैकी एकाच दारावर कायमची राखण करतात. उरलेली दारे कूलरच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरमध्ये साचलेल्या पाण्यातून उघडतात. ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणे एवढे तरी आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘आयजीजी पॉझिटिव्ह आहे, आता काळजी नाही’ असे लिहिले, तर त्यांना एवढेच विचारा : कोणत्या आजाराची आयजीजी?